संतूचा बाप : तुकोबांच्या एका अभंगाचे वाचन

तुकोबांच्या गाथेतील काही अभंग कीर्तनात ऐकताना सहज मान डोलते; तेच अभंग घरी एकट्याने वाचू लागलो की मन अडखळते. असाच एक लहानसा अभंग आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यात तुकोबा आपल्या घरातील चार मृत्यू एकामागून एक मोजतात. पित्याचा मृत्यू झाला तो अजाणतेपणी, तेव्हा प्रपंचाचा भार अंगावर नव्हता. पत्नी गेली, तिची सुटका झाली. आई गेली ती डोळ्यांसमोर, आणि उरलीसुरली काळजीही संपली. या तिघांच्या मध्ये एक मूल आहे. ते गेले याविषयी कवी म्हणतो की, चांगलेच झाले, देवाने मोहाचा धागा तोडला. मुलाला या अभंगात नाव नाही, वय नाही, आजार नाही, अश्रू नाहीत. आपले मूल पुरून आलेला कोणता बाप असे म्हणू शकेल? आणि ज्यांनी म्हटले, त्या शब्दांचे आपण काय करावे? या दोन प्रश्नांसाठी हा लेख आहे.

ख्रिस्ती वाचकांना तुकोबा परके नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तचरणी आलो असे सांगत असत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रथम छापून निघाले, तेव्हा १६०८ हे सर्वसाधारणपणे मानले जाणारे जन्मवर्ष धरल्यास तुकोबा आठ वर्षांचे होते. तिकडे गोव्यात मराठी ओवी ख्रिस्ताचे चरित्र गात होती आणि इकडे इंद्रायणीकाठी एका वाण्याच्या घरात मराठी अभंगाचा थोर कवी वाढत होता. एकाच भाषेची ही दोन दालने आहेत. एका दालनातील दिवा दुसऱ्यात न्यायला हरकत नसावी.

या अभंगाची भूमीही आपल्या परिचयाची आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते, कार्ला-कामशेतच्या शिवारांतून मावळ ओलांडते, इंदुरीच्या गढीखालून जाते आणि देहूला पोहोचते. देहू मावळच्या वेशीवर आहे. तुकोबा ज्या डोंगरांवर एकांतासाठी जात, त्यांपैकी भंडारा आणि घोरावडेश्वर हे दोन्ही मावळात मोडतात. तिसरा भामचंद्र शेजारच्या खेड तालुक्यात आहे. लोणावळ्याहून पुण्याला लोकलने जाणाऱ्याला यांतला घोरावडेश्वर वाटेतच दिसतो. मावळातील तळेगाव दाभाडे येथे दीर्घकाळ राहिलेल्या गो. नी. दांडेकरांनी तुकोबांवर 'तुका आकाशाएवढा' ही कादंबरी लिहिली, तीही याच परिसराच्या ओढीने, असे मानायला जागा आहे.

इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. तुकोबा त्या वेळी बाविशीच्या आसपास होते. घरात वंशपरंपरेने व्यापार आणि सावकारी होती. रखमाई व जिजाई अशा दोन पत्नी होत्या. रखमाई दमेकरी होती, म्हणून दुसरे लग्न झाले, असे परंपरा सांगते. दुष्काळात रखमाई गेली आणि पहिला मुलगा संतू, ज्याला कोणी संतोबा म्हणतात, तोही गेला. मुलाचे नाव आपल्याला चरित्रपरंपरेने दिले आहे. बापाच्या अभंगाने दिलेले नाही. टीकाकाराने थांबावे अशी ही पहिली जागा आहे.

तुकोबांनी स्वतःविषयी थोडे बोललेले आहे. संतांनी विचारले म्हणून, एरवी बोलण्याजोगे नसताना, त्यांनी एका अभंगात आपली हकीकत सांगितली. जात सांगितली, व्यवसाय सांगितला, आईबाप गेल्याचे सांगितले. दुष्काळाने पैसा आणि पत दोन्ही नेली हे सांगितले. एक पत्नी भुकेने तळमळत मेली, हेही सांगितले. लाज वाटली, धंद्यात तोटा आला, मोडलेले देऊळ दुरुस्त करावेसे वाटले, असे सारे क्रमाने आले. पण मूल गेल्याचे त्यात नाही. दुसऱ्या एका प्रसिद्ध अभंगात दिवाळे निघाले ते बरे, दुष्काळाने छळले ते बरे, चारचौघांत अपमान झाला तो बरा, गुरेढोरे गेली ती बरी, अशी यादीच आहे. त्या यादीतही मेलेले मूल नाही. गुरे मोजली गेली आणि संतू मोजला गेला नाही. संपूर्ण हिशोबात त्याच्या वाट्याला येतो तो आपल्या अभंगातील एक चरण.

कोणी म्हणेल, त्या काळी घरोघरी मुले जात असत; एवढ्यातेवढ्याचे काय लिहायचे? हा आक्षेप आम्हांला पटत नाही. जे नेहमीचे म्हणून मनावर ओरखडा उठवीत नाही, ते कवी मुळीच लिहीत नाही. येथे ते दोनदा टाळले गेले आणि एकदा, अगदी थोडक्यात, लिहिले गेले. ज्या जखमेला हात लावता येत नाही, तिच्याभोवतीचे सगळे सांगून मधली जागा मोकळी सोडणे, हे दुःखितांच्या बोलण्यात नेहमी आढळते. मूल गमावलेला बाप हॉस्पिटलचा खर्च सांगतो, रात्रीच्या गाडीची वेळ सांगतो, पावसाचे सांगतो; मुलाविषयी तो बोलत नाही.

या मौनाला भाषेचाही आधार नाही. पती गेला की विधवा, पत्नी गेली की विधुर, आईबाप गेले की पोरका. प्रत्येक अवस्थेला शब्द आहे. मूल गेलेल्या मातेसाठी संस्कृतात 'मृतवत्सा' असा शब्द आहे खरा. जिचे वासरू मेले आहे ती. तो गायीलाही लागतो आणि बाईलाही. आजच्या बोलण्यात तो कोणी वापरीत नाही. बापासाठी तर तेवढाही शब्द रूढ नाही. 'पुत्रशोक' हा शब्द दुःखाला नाव देतो. दुःख ज्याला झाले, त्या माणसाला नाव देत नाही.

मुलाच्या जाण्याने आईबापांच्या स्वतःविषयीच्या जाणिवेत काय बदलते, याचे उत्तर आमच्या मते येथेच आहे. जुन्या वळणाच्या मराठी घरांत नवराबायको एकमेकांचे नाव घेत नसत. पहिले मूल झाले की ही अडचण दूर होई. 'संतूची आई' आणि 'संतूचे बाबा' अशी हाक सुरू होई. पुढे शेजारी, वाणी, शाळेचे मास्तर सगळे त्याच नावाने ओळखू लागत. ख्रिस्ती घरांतही ही रीत अनोळखी नाही. आईबाप मुलाला नाव देतात, बाप्तिस्म्याच्या वेळी ते मोठ्याने उच्चारले जाते, हे आपण सर्व जाणतो. पण मूलही आईबापांना नाव देते, हे सहसा ध्यानात येत नाही. मूल गेले की ही हाक तोंडातल्या तोंडात राहते. शेजारीण 'अमक्याची आई' म्हणता म्हणता थबकते. त्या क्षणी त्या बाईला कळते की, मूल तर गेलेच, पण त्याने दिलेले आपले नावही गेले. आता आपण कोण?

या दृष्टीने अभंग पुन्हा वाचावा. बाप गेला, म्हणजे 'मुलगा' हे नाव निम्मे गेले. पत्नी गेली, 'पती' हे नाव गेले. मूल गेले, 'बाप' हे नाव गेले. आई गेली, 'मुलगा' हे नाव पुरते गेले. घटनांचा हा क्रम नव्हे. हकीकतीच्या अभंगात आईबाप आधी जातात आणि दुष्काळ मागाहून येतो; येथे आईला मुद्दाम शेवटी ठेवले आहे. ज्या क्रमाने माणसे गेली तो क्रम सोडून, ज्या क्रमाने नावे गळाली तो क्रम कवीने घेतला आहे, असे आम्हांला वाटते. पहिल्या मृत्यूच्या वेळी तो अजाण होता आणि शेवटच्या वेळी त्याने डोळ्यांनी पाहिले. अजाणतेपणापासून पाहण्यापर्यंतच्या वाटेवर, बरोबर मध्ये, ते मूल आहे.

आता ध्रुपद पाहू. कीर्तनात प्रत्येक चरणानंतर ध्रुपद परत येते. या अभंगाचे ध्रुपद विठोबाला उद्देशून आहे. आता राज्य तुझे आणि माझे, तिसऱ्या कोणाचा संबंध उरला नाही, असा त्याचा भाव आहे. म्हणजे प्रत्येक मृत्यूनंतर गायक त्याच दोघांकडे परत येतो. बाप वजा केला, उरले दोघे. मूल वजा केले, उरले दोघे. आणि 'राज्य' हा शब्द तरी कसा! ज्याचे दुकान बुडाले, पत गेली, माणसे गेली, त्याने रिकाम्या घराला राज्य म्हणावे, यात भक्तीचा आनंद आहे तसा एक कडवटपणाही आहे. हिशोब पुरा झालेला व्यापारी वही मिटतो आणि समोरच्याकडे बघतो. तसा हा स्वर आहे. आता देणेघेणे फक्त तुझ्याशी आहे, असे तो म्हणतो. यात शरणागती आहे आणि जाबही आहे. हेच तुकोबा दुसऱ्या एका अभंगात, आपल्यापुरता देवही उरला नाही, अशा अर्थाचे बोलून जातात, हे विसरू नये. घरातले मृत्यू ज्या जिभेने मोजले, तिने रागाच्या भरात देवालाही त्या यादीत बसवले.

वारकरी परंपरेत या अभंगाचा अर्थ वैराग्यपर लावतात. मोह सुटला, मन मोकळे झाले, भक्त देवाजवळ गेला. ज्यांनी या अभंगाच्या साथीने पिढ्यान्पिढ्या पंढरीची वाट चालली, त्यांचा हा अर्थ आम्ही नाकारीत नाही. तुकोबांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहता तो खराही आहे. आमचे म्हणणे इतकेच की, त्या वैराग्याची किंमत वाचकाने मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. 'चांगलेच झाले' हे शब्द येथे बाप स्वतः बोलतो आहे आणि देवाशी बोलतो आहे. शेजाऱ्याने येऊन त्याला ते ऐकवलेले नाहीत. तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडी गेले की क्रूर होते.

या अभंगाशेजारी गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' ही कविता ठेवून पाहावी. राम गणेश गडकऱ्यांच्या 'वाग्वैजयंती'तील ही कविता एके काळी मराठी घरांतून पाठ असे. विधवा आई मांडीवरचे मूल गेल्याचे मानतच नाही. ते झोपले आहे, कोणी गलबला करू नका, असे ती भोवतालच्यांना विनवते. काव्यदृष्ट्या तिच्यात भावविवशता अधिक आहे, आणि आजच्या वाचकाला ती क्वचित जड वाटेल. पण तिच्यातील मनोव्यापार अचूक आहे. पती गेल्यावर त्या स्त्रीजवळ 'आई' हे एकच नाव राहिलेले असते. मूल झोपले आहे असे म्हणेपर्यंत ते नाव टिकते. मृत्यू मान्य केला की तिचे स्वतःचे असणेच संपते. तुकोबांचा बाप नाव सोडून देतो, गडकऱ्यांची आई ते घट्ट धरून ठेवते. एक देवाशी बोलतो, दुसरी माणसांना गप्प बसवते. दोघेही एकाच प्रश्नासमोर उभे आहेत, आणि त्यांपैकी एकाला ज्ञानी व दुसरीला वेडी ठरवण्याची घाई आपण करू नये.

अभंगात एक उणीव मात्र आहे, आणि ती सांगितली पाहिजे. त्यात आईचा आवाज नाही. रखमाई मुलाच्या आधी गेली की नंतर, तिने काय पाहिले, हे अभंग सांगत नाही. जिजाई घरातच होती. सवतीचे का होईना, पण तिच्या अंगणात खेळलेले मूल गेले होते. जुन्या करारातही असेच घडते. दावीद राजाचे बथशेबेपासून झालेले पहिले मूल आजारी पडते, राजा उपास करून जमिनीवर पडून राहतो, आणि मूल गेल्याचे कळताच उठून अंघोळ करतो व जेवतो. चाकरांना ते विपरीत वाटते. त्या मुलालाही नाव नाही आणि त्याच्या आईने काय केले, याला एका वाक्यापलीकडे जागा नाही. आपल्याकडे ही उणीव काही अंशी चित्रपटाने भरून काढली. 'प्रभात'च्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'मध्ये आजारी मुलाला घेऊन, हातात चप्पल उगारून, विठोबाला जाब विचारायला देवळात शिरणारी जिजाई ज्यांनी पाहिली, ते तिला विसरले नाहीत. दामले-फत्तेलालांनी आणि ती भूमिका करणाऱ्या गौरीबाईंनी तेथे आईच्या रागाला देवासमोर उभे राहण्याचा हक्क दिला. तुकोबांच्या ध्रुपदात जो जाब दबलेला आहे, तो जिजाईच्या तोंडी उघड होतो.

मग बाप म्हणून ज्याचे नाव गेले, तो पुढे कोण झाला? परंपरा सांगते की, दुष्काळानंतर डोंगरावरून परतलेल्या तुकोबांनी सावकारीच्या खतांचे दोन भाग केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, भाग त्याला दिला आणि आपला इंद्रायणीत सोडला. ज्याच्या घरात भुकेने माणसे गेली, त्याला दुसऱ्याच्या घरचे देणे वसूल करवेना, असा याचा साधा अर्थ आहे. आत्मभान बदलणे म्हणतात ते हे. त्याला 'महाजन' म्हणवून घेणे जमेना. वडिलोपार्जित पडके देऊळ त्यांनी दुरुस्त केले. या बदलात सारे उजळच होते, असे मात्र नव्हे. देवाचे देऊळ केले आणि बायकामुलांची हेळसांड झाली, असे तुकोबांनी स्वतःच बोलून ठेवले आहे. एका मुलाच्या दुःखात बुडालेल्या बापाचे घरातल्या उरलेल्या मुलांकडे लक्ष राहत नाही, हे आजही अनेक घरांना ठाऊक आहे.

पुढे जिजाईपासून त्यांना मुले झाली. महादेव, विठोबा आणि नारायण, तसेच मुलीही. 'बाप' हे नाव परत आले. धाकटा नारायण तर वडिलांच्या पश्चात जन्मला आणि १६८५ साली त्यानेच तुकोबांच्या पादुकांची पालखी सुरू केली. पण म्हणून संतूची जागा भरली का? येथे ईयोबाच्या पुस्तकातील एक बारकावा उपयोगी पडतो. ईयोबाची मेंढरे, उंट, बैल, गाढवी सारे गेले आणि शेवटी देवाने प्रत्येक गोष्ट दुप्पट दिली. सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली. मुले मात्र दुप्पट झाली नाहीत. आधी सात मुलगे व तीन मुली होत्या, नंतरही सात आणि तीनच दिल्या. जुन्या भाष्यकारांनी याचा अर्थ असा लावला की, मेलेली जनावरे संपली होती, मेलेली मुले संपली नव्हती. ती देवाजवळ होती, म्हणून मोजणीत होती. ईयोब वीस मुलांचा बाप होता. आणि योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसाखाली उभ्या असलेल्या पवित्र मरियेला सांत्वनाचे शब्द मिळत नाहीत. तिचा पुत्र डोळ्यांसमोर जात असताना तिला एक शिष्य दाखवला जातो आणि तिचे 'आई' हे नाव तिच्याकडेच राखले जाते.

आपल्या धर्मग्रामांत मूल गेलेल्या घरी आपण जातो, मिस्साला बसतो, मातीला जातो, आणि मग बोलतो. देवाला आवडला म्हणून नेला. तुम्ही अजून तरुण आहात, दुसरे होईल. त्याचे हाल तरी संपले. हेतू चांगला असतो. पण हे सारे 'चांगलेच झाले' याचेच प्रकार आहेत, आणि तो शब्द उच्चारण्याचा अधिकार ज्याचे मूल गेले त्याचाच आहे. त्याने तो कधीच उच्चारला नाही, तरी त्याची श्रद्धा कमी ठरत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात बेथलेहेमच्या बालकांसाठी रडणारी राहेल सांत्वन स्वीकारीत नाही, आणि पवित्र शास्त्र तिला त्याबद्दल एका शब्दानेही टाकून बोलत नाही.

आपल्याला करण्यासारखे आहे ते याहून सोपे आणि याहून कठीण आहे. त्या आईला तिच्या नावाने हाक मारावी. गेलेल्या मुलाचे नाव घेऊन. 'तुम्हांला मुले किती?' या प्रश्नाला तिने 'तीन' म्हटले आणि घरात दोनच दिसली, तर आपण चकित होऊ नये. नोव्हेंबरच्या दोन तारखेला सर्व मृतांच्या यादीत ते नाव लिहून द्यायला कुटुंबाला विसर पडला नसेलच. आपल्यालाही पडू नये. तुकोबांच्या गाथेत संतूला नाव मिळाले नाही. ते ज्यांनी सांभाळले ती त्यांच्या भोवतालची माणसे होती, आणि त्यांनी ते एकमेकांना सांगत चार शतके पुढे आणले.